कर्करोगाचा माग काढणारे आचार्य यामागिवा

आपल्याकडे अंगावर चामखीळ उठली, गजकर्ण झाले किंवा एखादे व्रण चिघळले, की घरातील वडीलधारे माणूस परसात जाऊन कुठला तरी पाला खुडून आणते. कोणी कडुनिंबाचे नाव घेते, कोणी हळदीचा लेप सांगते, कोणी रुईच्या किंवा थोराच्या चिकाचा गुण वर्णन करते. ही परंपरा जुनी आहे आणि तिच्यात अनुभवाचे मोलही आहे. परंतु त्वचेवरचा व्रण साधा नसून कर्करोगाचा असेल, तर? अमुक वनस्पतीच्या अर्काने त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा वार्ता आजकाल वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. एखाद्या घरात असा रोगी असला, तर त्या चार ओळींवर त्या घरातील माणसांच्या आशा टांगलेल्या असतात. अशा वेळी त्या ओळींत खरे किती आणि भास किती, हे ओळखावयाचे कसे, हा केवळ पांडित्याचा प्रश्न उरत नाही. तो जीवनमरणाचा होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वाट ज्यांनी बांधून दिली, त्यांत एका जपानी अध्यापकाचे नाव फार वरचे आहे. त्यांनी कोणतेही औषध शोधून काढले नाही. उलट, ऐकणाऱ्याला विपरीत वाटावे असे काम त्यांनी केले : निरोगी प्राण्याच्या कातडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने कर्करोग उत्पन्न करून दाखविला. या थोर पुरुषाचे नाव कात्सुसाबुरो यामागिवा.

यामागिवा यांचा जन्म 1863 साली जपानमधील उएदा या गावी झाला. उएदा हे डोंगरांनी वेढलेल्या प्रदेशातील एक किल्ल्याचे गाव. आसपासचा मुलूख रेशमाच्या किड्यांच्या पैदाशीबद्दल प्रसिद्ध होता. वडील तेथील सरदाराच्या पदरी असलेले सामुराई, म्हणजे पिढीजात योद्धे. घराण्याचे आडनाव यामामोतो. मूल पाच वर्षांचे होते न होते तोच, 1868 साली, जपानमध्ये मोठे राज्यपरिवर्तन झाले. सम्राट मेइजी यांच्या नावाने नवा कारभार सुरू झाला. 1871 मध्ये जुनी संस्थाने खालसा झाली आणि तलवारीवर पोट भरणाऱ्या हजारो घराण्यांची वतने हळूहळू संपुष्टात आली. आपल्या इतिहासात पेशवाई बुडाल्यानंतर शिलेदारांच्या घरांत जी अवकळा आली, तिची आठवण व्हावी असाच तो काळ होता. अशा घरातील मुलांपुढे एकच मार्ग मोकळा होता, तो म्हणजे विद्येचा.

कात्सुसाबुरो विद्येच्या ओढीने तोक्योला आले. तेथे यामागिवा नावाच्या एका वैद्याने त्यांना दत्तक घेतले. त्या काळी जपानमध्ये हुशार मुलाला दत्तक घेऊन आपला व्यवसाय व नाव पुढे चालविण्याची रीत सर्रास होती. दत्तक गेलेल्या या मुलाने नव्या घराण्याचे नाव पुढे साऱ्या जगात नेले. तोक्यो विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत त्या वेळी जर्मन अध्यापकांचे वर्चस्व होते. त्यामुळे विद्यार्थ्यांना आधी जर्मन भाषा आत्मसात करावी लागे आणि मग वैद्यक. परक्या भाषेतून परके शास्त्र शिकण्याचे ते दुहेरी कष्ट सोसून यामागिवा 1888 मध्ये पदवीधर झाले. रोग्याच्या नाडीपेक्षा रोगाच्या मुळाकडे त्यांचे मन अधिक ओढ घेत असे. म्हणून त्यांनी विकृतिशास्त्र हा विषय निवडला. रोगामुळे शरीराच्या अवयवांत, ऊतींत आणि पेशींत कोणते फरक पडतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाची कुळकथा शोधणारे हे शास्त्र.

याच सुमारास सर्व जगाचे डोळे बर्लिनकडे लागले होते. क्षयाचे जंतू शोधून काढणारे रॉबर्ट कॉख यांनी 1890 साली क्षयावरील उपाय सापडल्याचे घोषित केले. त्या द्रव्याला ट्युबर्क्युलिन असे नाव मिळाले. देशोदेशींचे क्षयरोगी व डॉक्टर बर्लिनकडे धावले. जपान सरकारनेही ही नवी उपाययोजना शिकून येण्यासाठी जे तरुण डॉक्टर पाठविले, त्यांत यामागिवा होते. परंतु थोड्याच काळात या उपायाचा फोलपणा उघड झाला. बर्लिनमधील विकृतिशास्त्राचे महर्षी रुडॉल्फ फिरखो यांनी हा उपचार घेऊन मेलेल्या रोग्यांचे शवविच्छेदन करून दाखविले, की ट्युबर्क्युलिनने क्षय बरा होत नव्हता. काही रोग्यांत तर तो अधिकच पसरला होता. कॉख यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही पुराव्याच्या आधी घोषणा करून बसला, तर हजारो रोग्यांची फसगत कशी होते, हे तरुण यामागिवांना तेथे अगदी जवळून पाहावयास मिळाले.

पुढे ते फिरखो यांच्याच हाताखाली शिकले. शरीर पेशींचे बनलेले असते आणि रोगाचे मूळ पेशींच्या बिघाडात शोधले पाहिजे, हा फिरखो यांचा मूलमंत्र. कर्करोगाविषयी त्यांचे असे मत होते, की शरीराच्या एकाच भागाला दीर्घकाळ त्रास, घर्षण किंवा दाह होत राहिला, तर तेथील पेशी अखेर बिघडतात आणि आपली मर्यादा सोडून बेसुमार वाढू लागतात. 1894 मध्ये यामागिवा मायदेशी परतले ते हा विचार मनात घेऊनच. दुसऱ्याच वर्षी तोक्यो विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आता सारे सुरळीत चालेल असे वाटत असतानाच दैवाने घाला घातला. 1899 साली यामागिवा यांना क्षयाची बाधा झाली. ज्या रोगावरील उपाय शिकण्यासाठी सरकारने त्यांना परदेशी पाठविले होते, तोच रोग त्यांच्या उरात येऊन बसला. आणि त्या काळी त्यावर खरा उपाय कोणापाशीच नव्हता. पुढील तीस वर्षे त्यांनी या सोबत्यासह काढली. खोकला, ताप आणि सक्तीची विश्रांती यांतून जे दिवस हाती लागत, त्यांत ते काम करीत. प्रकृतीचे गाऱ्हाणे घेऊन न बसता त्यांनी 1905 साली जठराच्या कर्करोगाची उत्पत्ती या विषयावर ग्रंथ लिहिला. 1907 मध्ये केवळ कर्करोगाच्या अभ्यासासाठी वाहिलेले एक नियतकालिक त्यांच्या पुढाकाराने निघाले. त्याचे नाव होते गान, म्हणजे जपानी भाषेत कर्करोग.

परंतु ग्रंथ आणि नियतकालिके यांनी मूळ प्रश्न सुटत नव्हता. फिरखो यांचे मत खरे की खोटे? त्याच्या बाजूने पुरावे होते, पण ते सारे परिस्थितीजन्य. इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 सालीच नोंदवून ठेवले होते, की धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या कातडीला कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगाला चिकटून राहणारी काजळी हे असावे. लहानपणी अरुंद धुराड्यांत चढविलेली ती गरीब मुले मोठेपणी या रोगाला बळी पडत. पुढे डांबराच्या कारखान्यांतील मजुरांतही हाच अनुभव आला. आपल्या देशातही अशी उदाहरणे आहेत. काश्मिरातील लोक थंडीपासून बचाव व्हावा म्हणून फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. वर्षानुवर्षे पोळत राहिलेल्या त्याच जागी काहींना त्वचेचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह 1945 मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले.

तथापि अशा निरीक्षणांत एक उणीव राहते. धुराडी साफ करणारा माणूस गरीब असतो, अर्धपोटी असतो, गलिच्छ वस्तीत राहतो. मग रोगाचे कारण काजळी, की उपासमार, की आणखी काही? संशयाला जागा उरतेच. हा संशय निपटून काढावयाचा तर एकच उपाय होता : निरोगी प्राणी घ्यावा, त्याच्या कातडीला तेच द्रव्य लावावे आणि कर्करोग होतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. युरोपात काही संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला होता. त्यांनी प्राण्यांना डांबर लावले, काही काळ वाट पाहिली. फारसे काही घडले नाही, म्हणून प्रयोग सोडून दिला. त्यामुळे प्राण्यांत अशा रीतीने कर्करोग उत्पन्न होतच नाही, असा समज दृढ होत चालला होता.

यामागिवांना वाटे, की कल्पना चुकलेली नसून धीर अपुरा पडला आहे. माणसाला कर्करोग होण्यास कित्येक वर्षे लागतात. मग प्राण्याला तो थोड्या आठवड्यांत कसा व्हावा? याच वेळी त्यांना एक उत्तम सहकारी लाभला. कोइची इचिकावा हे पशुवैद्यकाचे पदवीधर 1913 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत आले. वय पंचविशीतले, प्रकृती धडधाकट, आणि प्राण्यांची निगा राखण्याची विद्या अंगी मुरलेली. आजारी गुरूपाशी दृष्टी होती आणि तरुण शिष्यापाशी हात होते. दोघांच्या संयोगातूनच हे कार्य सिद्धीस गेले. म्हणून यामागिवांच्या चरित्रात इचिकावांचे नाव नेहमी जोडीनेच घ्यावयास हवे.

प्रयोगासाठी ससे निवडले आणि त्यांच्या कानांच्या आतील पातळ कातडीवर दगडी कोळशाचे डांबर लावावयास सुरुवात झाली. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा लेप. काम सांगावयास अगदी सोपे; कोणत्याही शाळकरी मुलाला जमेल असे. त्यातील कठीण भाग एवढाच, की ते थांबवावयाचे नाही. आठवडे गेले, महिने गेले. कानांवर सूज येई, केस झडत, कातडी जाड होई. परंतु जे पाहावयाचे होते ते दिसेना. पुष्कळ ससे मधेच इतर रोगांनी दगावले. एक ससा मेला, की त्याच्यावर घेतलेली कित्येक आठवड्यांची मेहनत त्याच्याबरोबर जाई. मग नवा ससा आणून पहिल्यापासून आरंभ. या मुक्या जिवांच्या वेदना आणि त्यांचे मरण या यशाच्या जमेस धरलेले आहे, हे आपण विसरता कामा नये.

अखेर शंभर दिवसांच्या पलीकडे काही सशांच्या कानांवर चामखिळींसारख्या गाठी दिसू लागल्या. घाईचा मनुष्य येथेच नाचू लागला असता. यामागिवा मात्र बर्लिनमधील प्रसंग विसरले नव्हते. गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, हे ते जाणत होते. चामखीळ जागच्या जागी वाढते आणि डांबर थांबविले की कधीकधी ओसरूनही जाते. कर्करोगाच्या पेशी मात्र आपली हद्द ओलांडून खालच्या निरोगी भागात शिरतात आणि तेथून दूरच्या अवयवांत जाऊन नवे ठाणे मांडतात. म्हणून त्यांनी लेप चालूच ठेवला, गाठींचे पातळ काप घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पुनःपुन्हा तपासले. 1915 साली त्यांना हवे होते ते दिसले : कातडीच्या पेशी आपल्या थरातून फुटून खोल उतरल्या होत्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात तोक्यो येथील वैद्यक सभेत त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. जपानी परंपरेला अनुसरून त्या आनंदाच्या भरात त्यांनी एक छोटीशी हायकू कविताही रचली. आयुष्यभर रोगाशी झुंजणाऱ्या त्या गंभीर माणसाच्या मुखावरील ते एक दुर्मिळ हास्यच म्हणावयाचे.

सभेतील साऱ्यांनीच माना डोलावल्या असे नाही. ही खरी कर्करोगाची गाठ नव्हे, असा आक्षेप निघाला. त्यावर चिडून न जाता यामागिवा व इचिकावा यांनी प्रयोग पुढे चालविला आणि गाठीतील पेशी लसिकाग्रंथींत जाऊन वाढल्याचेही दाखवून दिले. आता नाकारावयास काही उरले नाही. 1918 साली हिदेजिरो त्सुत्सुई या दुसऱ्या जपानी संशोधकाने उंदरांच्या पाठीवर डांबर लावून हाच परिणाम मिळविला. उंदीर लहान, स्वस्त आणि भराभर वाढणारा. त्यामुळे जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहणे सुलभ झाले. 1919 मध्ये जपानच्या विद्वत्परिषदेने यामागिवा व इचिकावा या गुरुशिष्यांचा पारितोषिक देऊन गौरव केला.

परंतु जगातील सर्वोच्च मान त्यांना मिळाला नाही. डेन्मार्कमधील योहानेस फिबिगर यांनी 1913 साली असे जाहीर केले होते, की झुरळांतून उंदरांच्या पोटात जाणाऱ्या एका कृमीमुळे जठराचा कर्करोग होतो. नोबेल पारितोषिकासाठी फिबिगर आणि यामागिवा या दोघांच्याही नावांचा विचार झाला. मात्र 1926 सालचे पारितोषिक एकट्या फिबिगर यांना देण्यात आले. पुढे काय झाले? इतरांनी केलेल्या फेरतपासणीत फिबिगर यांच्या उंदरांच्या जठरातील त्या गाठी मुळात कर्करोगाच्या नव्हत्या, असे निष्पन्न झाले. अन्नातील अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा तेथे मोठा भाग होता. फिबिगर अप्रामाणिक होते असे मुळीच नाही. गाठ आणि कर्करोग यांतील जो भेद यामागिवांनी महिनोन्‌महिने कसोशीने पडताळला, तोच त्यांच्या बाबतीत निसटला, एवढेच. पारितोषिक एकाला मिळाले, आणि काळाच्या कसोटीला दुसऱ्याचे काम उतरले.

यामागिवांनी याबद्दल कोणाशी भांडण मांडले नाही. 1923 मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले. 1928 साली जर्मनीतून कर्करोग संशोधनासाठी दिले जाणारे एक मानाचे पारितोषिक त्यांना लाभले. 1930 सालच्या मार्च महिन्याच्या 2 तारखेला त्यांची प्राणज्योत मालवली. क्षयाने पोखरलेल्या देहाने सदुसष्टाव्या वर्षापर्यंत तग धरला होता. त्यांच्या मायदेशाला मात्र त्यांचा विसर पडलेला नाही; 2016 मध्ये त्यांच्या जीवनावर जपानमध्ये एक चित्रपटही निघाला.

त्यांनी पेरलेल्या बीजाचा वृक्ष त्यांच्या पश्चात वाढला. डांबर हे शेकडो द्रव्यांचे मिश्रण. त्यातील नेमके विष कोणते? ज्या वर्षी यामागिवा वारले त्याच वर्षी, 1930 मध्ये, लंडनच्या संशोधकांनी कर्करोग उत्पन्न करणारे पहिले शुद्ध रसायन दाखवून दिले. आणि 1933 मध्ये दोन टन डांबरी गाळातून बेंझोपायरीन हे द्रव्य वेगळे काढले. तंबाखूच्या धुरातही हेच द्रव्य असते. प्राण्याच्या कातडीवर लेप देऊन पाहण्याची कसोटी हाती नसती, तर त्या दोन टनांतून ते चिमूटभर विष ओळखता आले नसते.

याच कसोटीवर पुढे वनस्पतींचे अर्कही घासून पाहण्यात आले, आणि आपल्या परसातील कथेकडे आपण पुन्हा येऊन पोहोचतो. जमालगोटा आपल्याला रेचक म्हणून ठाऊक आहे. 1941 साली आयझॅक बेरेनब्लम यांनी उंदरांच्या कातडीवर आधी कर्करोगकारक द्रव्य अल्प प्रमाणात लावले आणि मग जमालगोट्याचे तेल लावून पाहिले. ते अल्प द्रव्य एरवी फारसे काही करू शकले नसते. परंतु या तेलाच्या संगतीने गाठींची संख्या झपाट्याने वाढली. म्हणजे औषधी म्हणून जगभर ओळखली जाणारी एक वनस्पती आगीत तेल ओतावे तसे काम करीत होती. उलट 1988 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की जमालगोट्यातून निघणाऱ्या त्या उत्तेजक द्रव्याबरोबर हळदीतील कुर्क्युमिन लावले, तर उंदरांच्या कातडीवरील गाठी पुष्कळ कमी होतात. हळदीचा हा गुण वाचून आपल्याला आनंद व्हावा हे साहजिक आहे. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावयास हवे, की पोटात घेतलेल्या हळदीतील कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, आणि उंदराच्या कातडीवर गाठी कमी होणे म्हणजे माणसाचा कर्करोग बरा होणे नव्हे.

आजच्या प्रयोगशाळांत पहिली चाचणी बहुधा प्राण्यांवर होत नाही. माणसाच्या त्वचेच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, पोषक द्रवात वाढवितात. लहान लहान खळगे असलेल्या तबकात त्या पेरतात आणि प्रत्येक खळग्यात वनस्पतीच्या अर्काची वेगवेगळी मात्रा घालतात. एक-दोन दिवसांनी एक पिवळा रंग मिसळतात. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात. मेलेल्या पेशींना ते साधत नाही. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. पाहावयास हे फार सोपे आणि मोहक आहे. परंतु त्या पेशींवर रॉकेल ओतले तरी त्या मरतीलच! म्हणून दक्ष संशोधक काही प्रश्न स्वतःला विचारतो. पेशी वनस्पतीच्या गुणाने मेल्या, की अर्क काढण्यासाठी वापरलेल्या अल्कोहोलने? ते कळण्यासाठी काही खळग्यांत नुसते अल्कोहोल घालावे लागते. त्याच मात्रेने निरोगी त्वचेच्या पेशीही मेल्या काय? मेल्या असतील, तर ते औषध नसून केवळ विष आहे. एवढी मात्रा माणसाच्या शरीरात पोहोचू तरी शकेल काय? आणि तोच प्रयोग दुसऱ्याने दुसऱ्या गावी केला, तर हाच परिणाम येईल काय? या सर्व प्रश्नांतून पार पडलेला अर्क प्राण्यांपर्यंत जातो, आणि त्यातूनही टिकला तर, पुष्कळ वर्षांनी, माणसांपर्यंत.

या वाटेने गेलेल्या काही वनस्पती खरोखरच विजयी झाल्या आहेत. आपल्या अंगणातील सदाफुलीची पाने कॅनडातील संशोधक मधुमेहासाठी तपासत होते. त्यांना उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरील बहुमोल औषधांचा मार्ग मोकळा झाला. परंतु दुसऱ्या बाजूचे उदाहरणही मनात जपून ठेवण्यासारखे आहे. युफोर्बिया पेप्लस नावाचे, आपल्या थोराच्या जातकुळीतील एक लहानसे तण आहे. त्याचा चीक ऑस्ट्रेलियात घरगुती उपाय म्हणून त्वचेवरील डागांना व व्रणांना लावीत. त्यातील गुणकारी द्रव्य शुद्ध करून, रीतसर चाचण्या होऊन, 2012 मध्ये अमेरिकेत त्याचे मलम मान्य झाले. उन्हाने त्वचेवर येणाऱ्या, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या खरखरीत चट्ट्यांसाठी ते होते. तरीही तपासणी थांबली नाही. पुढील वर्षांत असे दिसले, की दुसरे औषध लावलेल्या रुग्णांपेक्षा हे मलम लावलेल्यांत त्याच जागी त्वचेचा कर्करोग अधिक आढळतो. 2020 साली युरोपात त्या मलमाची परवानगी काढून घेण्यात आली. ज्यासाठी लावावयाचे, तेच ओढवण्याची भीती! पण ही भीती उघड झाली ती शास्त्राच्या पराभवामुळे नव्हे, तर परवानगी मिळाल्यावरही पाहत राहणाऱ्या डोळ्यांमुळे.

विद्यार्थिमित्रांनो, आचार्य यामागिवा यांच्या चरित्रात रणांगण नाही, राजदरबार नाही, प्रवासातील अद्भुत प्रसंग नाहीत. एक खोकणारा प्राध्यापक, एक तरुण पशुवैद्य, डांबराचे भांडे आणि सशांचे पिंजरे, एवढाच त्या नाटकाचा पसारा. पण गाठ दिसताच कर्करोग म्हणावयाचे नाही आणि पेशी मेली म्हणून औषध म्हणावयाचे नाही, हा संयम त्या पिंजऱ्यांपाशी शिकावयास मिळतो. उद्या तुमच्या घरी कोणी एखाद्या पाल्याची अद्भुत कीर्ती सांगेल. त्या माणसाचा उपमर्द करू नका. त्याच्या अनुभवात एखाद्या सदाफुलीचे बीज असू शकेल. परंतु रोग्याला डॉक्टरांकडे नेण्यास एक दिवसाचाही विलंब करू नका, आणि तो पाला कोणी, कशावर, किती दिवस आणि कशाशी तुलना करून तपासला, हे विचारावयास विसरू नका. हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. रोग्यावर ज्याचे खरे प्रेम आहे, त्यानेच तो आधी विचारावयाचा असतो.